पहिले महायुद्ध : ठिणगी आणि दारूचे कोठार

"पहिले महायुद्ध का झाले?" मुलांना विचारा. "ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला म्हणून," हे उत्तर ठरलेले. शिक्षक मित्रांनो, पालकहो, ती फक्त ठिणगी. दारूचे कोठार आधीच भरलेले होते.

जर्मनीने आरमार वाढवले. समुद्रावर राज्य करणाऱ्या ब्रिटनला धास्ती बसली. १९०६ मध्ये ब्रिटनने 'ड्रेडनॉट' ही युद्धनौका उतरवली, मग जर्मनीनेही तशाच बांधल्या. जो तो म्हणे, "आम्ही बचावासाठी करतोय." समोरच्याला मात्र ती हल्ल्याची तयारी वाटे. त्यात गट पडलेले : इकडे जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी; तिकडे फ्रान्स, रशिया, ब्रिटन.

२८ जून १९१४ ला साराजेव्होत खून झाला. बरोबर महिन्याने ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारले. सर्बियासाठी रशियाने सैन्य जमवले, म्हणून जर्मनीने रशियावर युद्ध पुकारले. फ्रान्सवर चालून जाताना जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्या आणि ४ ऑगस्टला ब्रिटनही उतरले. भांडण दोघांचे, मेले सुमारे एक कोटी सैनिक. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जवानही त्यात गेले.

सनावळ्या शिकवाच. पण मुलांना एवढे नक्की विचारा, "यात कोण, कुठे थांबू शकला असता?"