उजवीकडचा पंखा डावीकडे

एप्रिल २०२४ मध्ये लोकसभेच्या मतदानासाठी गडचिरोलीतल्या दुर्गम केंद्रांवर कर्मचारी आणि यंत्रे हेलिकॉप्टरने पोचवण्यात आली. अहेरीच्या बाजूने उडणारी वायुदलाची एमआय-१७ हेलिकॉप्टरे आलापल्लीच्या मुलांनी मान दुखेपर्यंत पाहिली. पुढे काही महिन्यांनी आम्ही तिथल्या एका शाळेत गेलो, तेव्हा नववीतल्या एका मुलाने अडचण मांडली. मामाने नागपूरहून १:७२ प्रमाणाचे हेलिकॉप्टरचे किट आणले होते. पण ते एमआय-८ चे. "सर, ह्याच्या शेपटीचा पंखा उजवीकडे आहे. मी पाहिला तो डावीकडे होता." कागदावर छापले आहे तेच खरे, असे वर्गशिक्षकांचे म्हणणे. दोघेही बरोबर होते.

सोव्हिएत बनावटीचे एमआय-८ आपल्या वायुदलातून १७ डिसेंबर २०१७ रोजी निवृत्त झाले. एमआय-१७ ही त्याचीच सुधारित आवृत्ती. धड जवळपास तेच, मात्र दोन इंजिने प्रत्येकी १५०० ऐवजी सुमारे १९०० अश्वशक्तीची.

ह्याचा शेपटीशी काय संबंध? वरून पाहिले तर मुख्य पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. प्रतिक्रिया म्हणून धड उलट फिरू पाहते आणि शेपूट उजवीकडे सरकू पाहते. तिला डावीकडे रेटायचे काम शेपटीच्या पंख्याचे. हा रेटा किती, ते वर्गात काढता येईल. ३००० अश्वशक्ती म्हणजे सुमारे २२ लाख वॅट. मुख्य पंख्याचे मिनिटाला सुमारे १९२ फेरे, म्हणजे सेकंदाला २० रेडियन. भागाकार केला की १,१०,००० न्यूटन-मीटर आघूर्ण मिळते. आता मॉडेलवर पट्टी लावून दोन्ही पंख्यांच्या आसांमधले अंतर मोजा. ते साडेसतरा सेंटिमीटर भरते. त्याच्या ७२ पट म्हणजे साडेबारा मीटर. तेव्हा रेटा सुमारे ९००० न्यूटन, म्हणजे ९०० किलो वजनाइतका. ३८०० अश्वशक्तीला तोच ११०० किलोच्या वर जातो. (सगळी शक्ती मुख्य पंख्याला मिळत नाही, पण अंदाजाला एवढे पुरे.)

हा वाढीव रेटा मिळवण्यासाठी पंखा डावीकडे नेला आणि त्याची फिरण्याची दिशा उलटवली. पूर्वी पुढच्या बाजूची, म्हणजे मुख्य पंख्याकडची, पाती खाली येत असे. आता ती वर जाते. मुख्य पंख्याचा झोत वरून खाली येतो. पाती त्याला सामोरी जाते, म्हणून हवेच्या तुलनेत तिचा वेग वाढतो आणि रेटाही वाढतो.

आमच्या विद्यार्थ्याने पंखा उपटून, अर्धा वळसा देऊन डावीकडे चिकटवला होता. दिसायला झकास! पण हे हेलिकॉप्टर खरोखर उडाले असते तर भोवऱ्यासारखे गरगरले असते, कारण अशा पंख्याचा रेटा उजवीकडे लागतो. उजव्या आट्यांचा स्क्रू उलटा धरला तरी त्याचे आटे उजवेच राहतात. पंख्याचेही तसेच. तो कसाही फिरवा, पात्यांचा पीळ बदलत नाही.

ह्याची परीक्षा सोपी आहे. पंख्याच्या मध्याचे भोक तापल्या सुईने थोडे मोठे करा, त्यात टाचणी घाला आणि तो डाव्या अंगाला धरून बाहेरून शेपटीकडे फुंका. पुढची पाती वर गेली तर पीळ बरोबर. किटमधल्या पंख्याची ती खाली आली. आम्ही अर्धा वळसा देऊन पुन्हा फुंकले, तरी खालीच.

मग ब्लेडने तिन्ही पाती मुळाशी कापली, जाड कड दुसऱ्या बाजूला येईल अशी फिरवली आणि उलट्या उतारावर चिकटवली. साडेपाच सेंटिमीटरच्या पंख्यावर हे काम नाजूक आहे. एक पाती जमिनीवर पडून अर्धा तास सापडेना.

इंजिनांचे काम त्या मानाने सोपे. एमआय-१७ ची आवरणे आखूड असतात, म्हणून ती पुढून कानशीने घासली आणि हवा आत घेणाऱ्या तोंडांशी धूळ अडवणारे घुमट एम-सीलचे केले. नव्या व्ही-५ प्रकाराला मागे उतरता दरवाजा आहे. त्याचा नाद मात्र आम्ही सोडला.

गोंद वाळल्यावर पहिली फुंकर वर्गशिक्षकांनी मारली. पाती वर गेली.