लिफ्टचे पैसे तळमजल्यावरच्या आजींनीही का द्यायचे?

मुलांनो, आपल्या तुळजापुरात पुष्कळांची घरं गल्लीबोळातली. भिंत आपली, पत्रा आपला. पत्रा गळायला लागला की बाबा गवंड्याला बोलावतात, शेजाऱ्यांना विचारायला जावं लागत नाही. दारापुढचं गटार तुंबलं तर नगरपरिषदेकडे तक्रार करायची. पण आता आपल्याकडेही फ्लॅटच्या इमारती दिसू लागल्या आहेत. सोलापूरला किंवा पुण्याला मामाकडे गेलात, तर अशाच इमारतीत उतरत असाल. तिथली गच्ची गळली तर खर्च कुणाचा? सगळ्यात वरच्या मजल्यावरच्यांचा?

छे! गच्ची, जिना, पाण्याची टाकी, मोटार, लिफ्ट हे सगळ्यांचं मिळून असतं. ते सांभाळायला घरमालक ‘सहकारी गृहनिर्माण संस्था’ नोंदवतात. बोलताना आपण नुसतं ‘सोसायटी’ म्हणतो.

ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे बरं का! कारवारकडची अनेक सारस्वत कुटुंबं नोकरीसाठी मुंबईला आली. जागा भाड्याची, भाडं चढं. १९०४ च्या कायद्यानं फक्त कर्ज देणाऱ्या सहकारी संस्था काढता येत होत्या. १९१२ च्या नव्या कायद्यानं इतर कामांसाठीही वाट मोकळी झाली. मग १९१५ साली श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकारानं गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. ती देशातली पहिली मानली जाते. मुंबईत ताडदेवला जी तालमकीवाडी आहे, ती त्यांच्याच नावाची.

आता सोसायटी चालते कशी ते पाहू. आपल्याकडे १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आहे. घर घेणारा सभासद होतो, त्याला भागपत्र मिळतं. सभासद पाच वर्षांसाठी समिती निवडतात. तिच्यात अध्यक्ष, सचिव, खजिनदार असतात. पण खरी मालकीण सर्वसाधारण सभा! दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत ती भरवून हिशेब मांडावा लागतो. पुरेशी माणसं जमली नाहीत, तर अर्धा तास थांबून आलेल्यांवरच सभा उरकतात. (असं फार ठिकाणी होतं, आणि घरी बसलेलेच मग जास्त कुरकुरतात!) मोठा फ्लॅट असो की छोटा, एका सभासदाला एकच मत. दोन फ्लॅट असले तरी एकच.

आता भांडणाचा मुद्दा. समजा, बारा घरांच्या इमारतीत लिफ्टचा महिन्याचा खर्च सहा हजार. प्रत्येकाला पाचशे. तळमजल्यावरच्या आजी म्हणतात, “मी लिफ्टमध्ये पाऊलही टाकत नाही, मी का देऊ?” मला विचाराल तर आजींचा प्रश्न चुकीचा नाही. पण आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या नियमांत, लिफ्टचा खर्च सगळ्यांत सारखा वाटलेला आहे. लिफ्ट ही जिन्यासारखीच सामाईक मालमत्ता. आजींच्या खिडकीपुढचा दिवा आणि फाटकावरचा राखणदार यांचे पैसे चौथ्या मजल्यावरचेही देतातच की! पाण्याचा खर्च मात्र सारखा नसतो. ज्याच्या घरी नळ जास्त, त्याचा वाटा जास्त.

याशिवाय ‘सिंकिंग फंड’ असतो. घराच्या बांधकामाचा खर्च दहा लाख असेल, तर दरवर्षी त्याचा निदान पाव टक्का, म्हणजे अडीच हजार रुपये, बाजूला टाकायचे. कशासाठी? इमारत म्हातारी होते तेव्हा मोठी डागडुजी किंवा नवं बांधकाम काढावं लागतं. आज हे पैसे चुकवले, की वीस वर्षांनी खांबांना तडे जातात आणि डबा रिकामा असतो.

पैसे थकवणाऱ्याचं किंवा हिशेब न दाखवणाऱ्या समितीचं गाऱ्हाणं तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे नेता येतं.

आणि ‘आवारात खेळू नये’ अशी पाटी लागली तर? तुम्ही सभासद नाही, तुम्हाला मत नाही. पण सभेची सूचना १४ दिवस आधी निघते. त्याआधीच सचिवांना अर्ज द्यायचा: खेळायची वेळ संध्याकाळी पाच ते सात ठरवावी, हा विषय सभेपुढे घ्यावा. मजकूर तुम्ही लिहा, सही तेवढी आईची किंवा बाबांची घ्या. जे सभासद असतील, त्यांची.