सभागृहातील शब्द आणि सभागृहाची शिस्त

लोकप्रतिनिधी सभागृहात बोलतो तेव्हा त्याच्या मुखाने त्याचा मतदारसंघ बोलत असतो. हे बोलणे निर्भयपणे व्हावे, यासाठी भारतीय संविधानाने अनुच्छेद १०५ अन्वये संसद सदस्यांना व अनुच्छेद १९४ अन्वये राज्य विधानमंडळाच्या सदस्यांना भाषणस्वातंत्र्य दिले आहे. सभागृहात वा त्याच्या समितीत केलेले भाषण किंवा दिलेले मत याबद्दल सदस्याविरुद्ध न्यायालयात कारवाई करता येत नाही.

तथापि, हे स्वातंत्र्य अनिर्बंध नाही. ते संविधानाच्या तरतुदींना व सभागृहाच्या नियमांना अधीन आहे. न्यायाधीशांच्या कर्तव्यपालनातील वर्तनाची चर्चा अनुच्छेद २११ अन्वये विधानमंडळात करता येत नाही. तसेच मतासाठी वा भाषणासाठी लाच घेणाऱ्यास हे संरक्षण मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२४ रोजी स्पष्ट केले.

मग सदस्याने शिस्त मोडल्यास काय? महाराष्ट्र विधानसभेच्या नियम ५३ नुसार बेशिस्त वर्तन करणाऱ्या सदस्यास अध्यक्ष त्या दिवसापुरते बाहेर जाण्यास सांगू शकतात. त्याच अधिवेशनात पुन्हा तशी वेळ आल्यास जास्तीत जास्त उर्वरित अधिवेशनापुरते. परंतु ५ जुलै २०२१ रोजी सभागृहाने ठराव करून १२ सदस्यांना एक वर्षासाठी निलंबित केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. कार्यपद्धतीतील केवळ अनियमिततेच्या कारणावरून सभागृहाच्या कामकाजास न्यायालयात आव्हान देता येत नाही. मात्र कृती घटनाबाह्य असेल तर न्यायालय ती तपासू शकते. २८ जानेवारी २०२२ रोजी न्यायालयाने त्या अधिवेशनापलीकडील निलंबन घटनाबाह्य ठरविले.

या निर्णयामागील विचार सामान्य मतदारानेही समजून घ्यावा असा आहे. निलंबनाचा हेतू चालू कामकाज सुरळीत व्हावे एवढाच असतो. सदस्याची हकालपट्टी झाली तर जागा रिकामी होते आणि साधारणतः सहा महिन्यांत पोटनिवडणूक होऊन मतदारसंघास नवा प्रतिनिधी मिळतो. वर्षभराच्या निलंबनात मात्र जागा भरलेलीच राहते, पण तेथून आवाज उठत नाही. म्हणून असे निलंबन हकालपट्टीहूनही कठोर ठरते, असे न्यायालयाने म्हटले. शिक्षा सदस्याची, परंतु मुके होतात त्याचे मतदार!

शिस्तीवाचून चर्चा होत नाही आणि चर्चेवाचून सभागृहाला अर्थ उरत नाही. या दोहोंचा तोल सांभाळण्यातच संसदीय लोकशाहीची कसोटी आहे.