बल, कार्य आणि खाणीतला टेकू

नववीच्या वर्गात एक प्रश्न हटकून निघतो. “डोक्यावर ओझे घेऊन तासभर उभा राहिलो, घामाघूम झालो; तरी पुस्तक म्हणते, कार्य शून्य! हे कसे?” बेल्लमपल्लीकरांना याचे उत्तर खाणीतच सापडावयाचे.

भूमिगत खाणीत छताला लाकडी टेकू देत असत. छताचा भार खाली दाबतो. टेकू तेवढेच बल वर लावतो. काहीच हलत नाही, म्हणून कार्य शून्य. आणि टेकूला इंधनही लागत नाही. माणसाचे तसे नाही. ओझे स्थिर असले तरी त्याचे स्नायू आतून सारखे ताणत-आखडत असतात. त्यात अन्नाची ऊर्जा खर्ची पडून उष्णता होते. म्हणून तो थकतो.

आता कोळशाचा टब घ्या. १००० किलो भार १०० मीटर उंच आणावयाचा तर ९ लाख ८० हजार ज्यूल कार्य करावे लागते. घर्षण सोडून दिले तर यास पाव युनिटाहून थोडी अधिक वीज पुरते. कोळशातील ऊर्जा तरी कोठली? गोदावरीच्या खोऱ्यात २५ कोटी वर्षांहून पूर्वी वाढलेल्या वनस्पतींनी साठविलेले ते ऊन होय.

मात्र कार्य शून्य म्हणजे मोल शून्य, असे मुलांनी समजू नये. टेकूचे बल अपुरे पडले की छत कोसळते. आपल्यातील कित्येकांचे वडील-आजोबा पाळी संपवून सुखरूप घरी आले, ते अशा न हलणाऱ्या टेकूंच्या आधाराने.