गावदेवीच्या डोंगराचे खांब

"बाई, हा डोंगर कुणी बांधला?"

पाचवीतल्या एका मुलीने हे विचारलं तेव्हा आम्ही अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी, घरांच्या दाटीत, माना वर करून उभे होतो. समोर दोनशे फुटांचा काळाकभिन्न कडा. त्याच्या अंगावर वरपासून खालपर्यंत उभ्या रेघा, दगडी खांब एकमेकांना खेटून उभे केल्यासारख्या. लहानपणी आईचा हात धरून इथे यायचे, तेव्हा मलाही तो बांधलेलाच वाटायचा.

आमच्या घरात गिल्बर्ट हिल हे नाव कुणी घेत नसे. आई म्हणायची, "चल गं, गावदेवीला जाऊन येऊ." वर गावदेवीचं आणि दुर्गामातेचं देऊळ आहे. खडकातल्या पायऱ्या चढताना आई ओटीची पिशवी छातीशी धरायची, मधे थांबून दम घ्यायची आणि देवीला घाई नसते म्हणायची. वर पोचलं की वारा लागे. पुढे एकतीस वर्षं भूगोल शिकवला, पण या डोंगराचा पहिला धडा त्या पायऱ्यांवरच झाला.

ज्वालामुखी काढायला सांगितलं की मुलं हमखास शंकू काढतात, टोकाला धूर. आपल्या दख्खनचं तसं नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर येत राहिला, थरावर थर पसरत गेला. आज उरलेला हा बेसॉल्ट पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास भरतो. सह्याद्रीचे कडे त्याचेच, गिल्बर्ट हिलही त्याच काळातली. इथून जवळच असलेली महाकाली आणि जोगेश्वरीची लेणी ज्या खडकात कोरली, तोही ज्वालामुखीचाच. म्हणजे आपण अंधेरीकर आगीच्या राखरांगोळीवर संसार थाटून बसलो आहोत.

आता खांबांचं. लाव्हा थिजला तरी आत खूप गरम असतो. पुढे निवताना तो आकसतो, आणि आकसायला जागा नसली की तडकतो. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याचा गाळ आठवा, तसंच. फरक इतकाच, की गाळातल्या भेगा वरवरच्या असतात, तर इथे लाव्हा जसजसा आतपर्यंत निवत जातो तसतशा भेगाही आत उतरत जातात. थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोन करून त्या चालतात, म्हणून खांब उभे. कमीत कमी भेगांत ताण मोकळा करायचा तर षटकोन सोयीचा पडतो, म्हणून बाजू बहुधा सहा.

हे नुसतं सांगून मुलांना पटत नाही. मी वर्गात स्टीलच्या डब्यात कॉर्नफ्लोअर पाण्यात दाट कालवून दिव्याखाली ठेवायचे. काही दिवसांनी वडी वाळून तडकते. ती हलक्या हाताने मोडली की आत बारीक बारीक खांब दिसतात. तो डबा हातोहात फिरायचा, आणि त्या दिवशी वर्गात कुणाला गप्प बसा म्हणावं लागत नसे.

डोंगराचा भोवतालचा भाग खाणींनी खाल्ला. सुरुंग लागले, खडी निघाली, शहर बांधलं गेलं. राहिला तो हा एकटा सुळका. मला त्याचं दुःख आहे, आणि हेही मान्य करायला हवं की कापलेल्या बाजूंमुळेच आज त्याचे खांब इतके उघडे दिसतात. २००७ मध्ये महापालिकेने त्याला वारसा दर्जा दिला. अमेरिकेत वायोमिंगमधल्या अशाच खांबांच्या डेव्हिल्स टॉवरला १९०६ मध्येच, त्या देशाचं पहिलं राष्ट्रीय स्मारक म्हणून संरक्षण मिळालं होतं. उत्तर आयर्लंडमधल्या जायंट्स कॉजवेचे चाळीस हजार खांब पाहायला जगभरातून माणसं जातात. आपला सुळका रिक्षाच्या अंतरावर आहे आणि त्याच्या बुडाशी घरं अगदी टेकली आहेत. पावसाळ्यात वरून दगड सुटला तर पहिला धोका तिथल्याच कुटुंबांना. त्यांना सुरक्षित जागा आणि डोंगराला मोकळा पायथा, दोन्ही एकदमच द्यायला हवं. एकाच्या नावावर दुसऱ्याला उठवू नये.

जायचं असेल तर थंडीतली सकाळ धरा. अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेला उतरून रिक्षावाल्याला गिल्बर्ट हिल सांगा. वरून इमारतींचा समुद्र दिसेल, पूर्वेकडे विमानं उतरताना दिसतील. लोक तेवढंच बघून परततात. तसं करू नका. खाली आलात की कड्यापासून जरा दूर उभं राहून त्याच्या अंगाकडे पाहा. तिरपं ऊन पडलं की खांबान् खांब वेगळा होतो.

त्या दिवशी ती मुलगी बोळाच्या कडेला पडलेल्या एका काळ्या तुकड्यापाशी बसली आणि बोट फिरवून त्याच्या कडा मोजू लागली. दोनदा मोजल्या. मग वर बघून म्हणाली, "बाई, तुम्ही सहा सांगितल्या होत्या. याला पाचच आहेत." मीही खाली बसले आणि मोजल्या. पाचच होत्या.