गेम अडकतो? आधी निदान, मग खर्च

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी परिसरातला एक सतरा वर्षांचा मुलगा सिकलसेलच्या तपासणीसाठी आमच्याकडे येतो. काठीच्या राजवाडी होळीला बाहेरगावी कामाला गेलेली माणसं घरी परततात. यंदा त्याचा मोठा भाऊ येताना जुना लॅपटॉप घेऊन आला. मे महिन्यात वडील त्याला घेऊन आले तेव्हा त्यांनी औषधांच्या आधी दुसराच प्रश्न विचारला.

"साहेब, हा तीन हजार मागतो. लॅपटॉपमध्ये काहीतरी बसवायचं म्हणतो. मोहाची फुलं विकून आलेले पैसे आहेत. खरंच उपयोग होतो का?"

मुलगा हळूच म्हणाला, "सर, एसएसडी. तो टाकला की गेम अडकत नाही."

प्रश्न संगणकाचा असला तरी तो सोडवायची पद्धत आमच्या ओळखीची आहे. 'अडकणं' हे लक्षण आहे, आजार नव्हे. ताप आला म्हणून प्रत्येकाला मलेरियाची गोळी देत नाहीत, तसंच हे.

आधी रचना समजून घेऊ. घरात धान्य कणगीत असतं, स्वयंपाकापुरतं परातीत काढतात आणि शिजवायचं काम चूल करते. संगणकात हार्ड डिस्क किंवा एसएसडी ही कणगी, रॅम ही परात आणि प्रोसेसर व ग्राफिक्स चिप ही चूल. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, साधारणपणे मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा, आणि एक छोटा दांडा हव्या त्या जागी सरकून माहिती वाचतो. या सरकण्या-फिरण्यात प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. एसएसडीमध्ये हलणारा भागच नसतो. माहिती फ्लॅश मेमरीच्या चिपमध्ये साठवलेली असते आणि ती मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहूनही लवकर हाती येते. सलग माहिती वाचताना हार्ड डिस्क सेकंदाला शंभर ते दोनशे मेगाबाइट देते. साधा साटा एसएसडी पाचशेच्या वर जातो आणि नव्या एनव्हीएमई प्रकारचे कित्येक हजारांवर.

मग गेम वेगाने चालतो का? उघडतो लवकर, हे नक्की. पण खेळताना पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं दिसायची असतील, तर प्रत्येक चित्र सुमारे १७ मिलिसेकंदांत तयार व्हावं लागतं आणि ते काम चुलीचं आहे. कणगी जवळ आणली म्हणून जाळ वाढत नाही.

अपवाद आहेत. मोठ्या मोकळ्या जगाच्या गेममध्ये खेळाडू पुढे जाईल तसा नवा परिसर डिस्कवरून आणावा लागतो. हार्ड डिस्क मागे पडली की चित्र क्षणभर थबकतं. तिथे एसएसडीचा फायदा डोळ्यांना दिसतो. २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये एसएसडी मुळातच बसवलेला आहे आणि संगणकावरच्या स्टारफील्डसारख्या (२०२३) गेमने तर एसएसडी आवश्यक म्हणून सांगितला. दुसरा अपवाद कमी रॅमचा. परात भरली की संगणक उरलेलं काम डिस्कवर ठेवतो आणि वारंवार तिकडे धावतो. अशा वेळी एसएसडीने आराम पडतो, पण मूळ उपाय रॅम वाढवण्याचा.

म्हणून खर्चाआधी लक्षण नीट पाहा. गेम उघडायला किंवा पुढची पातळी यायला वेळ लागत असेल, तर दोष बहुधा डिस्कचा. चित्र सुरुवातीपासून सतत संथ असेल, तर ग्राफिक्सचा. अर्धा तास बरं चालून मग संथ होत असेल, तर लॅपटॉप तापतोय. पंख्यात धूळ अडकली असेल. फक्त ऑनलाइन खेळतानाच अडकत असेल, तर नेटवर्क तपासा. आपल्या डोंगरात ते कारण जास्त सापडेल. विंडोज संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. गेम चालू असताना मेमरी भरली आहे की डिस्क शंभर टक्क्यांवर अडकली आहे, हे तिथे दिसतं. मोबाइलवर खेळणाऱ्यांना हा प्रश्नच नाही. मोबाइलमध्ये फ्लॅश मेमरीच असते. तिथे थोडी जागा रिकामी ठेवा, एवढं पुरे.

आता माझा मूळ विषय. एप्रिलमध्ये हाच मुलगा हातापायांच्या असह्य वेदना घेऊन दाखल झाला होता. आदल्या रात्री तो पहाटेपर्यंत खेळत होता. उकाडा होता, पाणी जवळजवळ प्यायलाच नव्हता. त्या एका रात्रीमुळेच सगळं झालं, असं मी म्हणणार नाही. पण सिकलसेलमध्ये शरीरातलं पाणी कमी झालं की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि कळा सुरू होतात. जागरण, थकवा, जंतुसंसर्ग आणि थंडी यांनीही असा झटका येऊ शकतो. घरात सिकलसेलचा रुग्ण असेल, तर खेळाच्या जागी पाण्याची बाटली हवीच.

ज्यांना सिकलसेल नाही, त्यांचंही शरीर तक्रार करतं. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या निम्म्याहूनही कमी वेळा लवतात, म्हणून डोळे चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट लांब पाहावं. गेमवरचा ताबा सुटला, अभ्यास, झोप आणि घर मागे पडलं, नुकसान दिसूनही खेळ थांबत नाही आणि हे साधारण वर्षभर चाललं, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार मानते. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत त्याची नोंद आहे. पण सुटीत दोन तास खेळणारं मूल आजारी नाही, हेही पालकांनी ध्यानात ठेवावं.

पुढच्या भेटीत तो लॅपटॉप घेऊन आला. गेम अर्ध्या तासानंतर अडकतो, असं त्याने स्वतःच नोंदवलं होतं. आमच्याकडच्या संगणक पाहणाऱ्या मुलाने पंखा उघडला तर आत धुळीचा थर. तो साफ केल्यावर अडकणं बरंच कमी झालं. वडिलांचे पैसे तूर्त खिशातच राहिले.

"एसएसडी वाईट नाही," मी त्यांना म्हणालो. "यंत्र लवकर सुरू होतं, अभ्यासाला बरं पडतं आणि चालू लॅपटॉपला धक्का बसला तर हार्ड डिस्कएवढी भीती नसते. बारावीच्या वेळी घ्या. फक्त गेमसाठी नको."

मुलाने विचारलं, "पण सर, गेम उघडायला अजून दीड मिनिट लागतं."

"त्या दीड मिनिटात एक पेला पाणी पी," मी सांगितलं. "आणि एसएसडी आला तरी ती सवय सोडू नकोस."