नियमामागचं कारण वायरमनला कोण सांगणार?

घर बांधताना आपण फरशी निवडतो, रंग निवडतो, ओट्याचा दगड काळा हवा की हिरवा यावर चार दिवस वाद घालतो. भिंतीच्या आतून कोणती वायर कशी गेली, हे मात्र पाहत नाही. ते काम एका माणसावर सोपवलेलं असतं आणि प्लास्टर झालं की त्याचं काम कायमचं झाकलं जातं. सुताराचं दार वाकडं बसलं तर डोळ्यांना दिसतं. नळ गळू लागला तर रात्री टपटप ऐकू येते. वायरमनच्या हातून राहिलेलं उणं दिसत नाही, ऐकू येत नाही. एखाद्या दिवशी ते ओल्या हाताला कळतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांतून दिसतं, की अलीकडच्या वर्षांत आपल्या देशात विजेच्या धक्क्यानं मरणाऱ्यांची संख्या दर वर्षी १० हजारांच्या वर राहिली आहे. यात शेतातल्या पंपाला हात लावणारा शेतकरी आहे, गीझरखाली आंघोळ करणारी मुलगी आहे आणि खुद्द खांबावर चढलेला वायरमनही आहे.

मग आपल्याकडे नियम नाहीत का? आहेत, आणि भरपूर आहेत. १९५६ चे भारतीय विद्युत नियम अर्धशतकाहून अधिक काळ चालले. २००३ साली नवा विद्युत कायदा आला. त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणानं २०१० मध्ये सुरक्षेचे विनियम काढले आणि २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे आणले. याशिवाय भारतीय मानक ब्यूरोच्या संहिता आहेत. घरातल्या वायरिंगसाठी आयएस ७३२, अर्थिंगसाठी आयएस ३०४३ आणि या सर्वांना एकत्र बांधणारी राष्ट्रीय विद्युत संहिता. ही संहिता प्रथम १९८५ मध्ये निघाली, २०११ मध्ये सुधारली गेली आणि २०२३ मध्ये पुन्हा नवी झाली. विनियम सांगतात काय झालंच पाहिजे, संहिता सांगते ते कसं करायचं. काम कोणी करायचं हेही ठरलेलं आहे. ठेकेदाराला अनुज्ञप्ती हवी, देखरेख करणाऱ्याला पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र हवं आणि हातात पक्कड धरणाऱ्याकडे वायरमनचा परवाना हवा. सरकारी भाषेत त्याला ‘तारतंत्री’ म्हणतात. शब्द सुंदर आहे, पण तो परवान्यावरच राहिला.

नियम आहेत, परवाने आहेत, आयटीआयमध्ये वायरमन आणि इलेक्ट्रिशियनचे दोन-दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. तरीही भिंतीच्या आत वेगळंच काही घडतं. ते का?

मी विजेच्या धंद्यातला माणूस नाही. कलाशाखेत बी.ए. झालो आणि आयुष्य शब्दांत गेलं. पण आमच्या मोहल्ल्यात वायरमनची चार-पाच घरं आहेत आणि चहाच्या टपरीवर त्यांच्याशी रोजची उठबस आहे. त्यातल्या एका तरुणाला मी एकदा विचारलं, “परीक्षेत नियम होते ना रे?” तो म्हणाला, “होते ना चाचा. पाठ केले होते. कामावर कुठे लागतात? कामावर उस्तादनं दाखवलं तेच चालतं.” हे त्यानं तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, सहज सांगितलं होतं. मला त्यातच सगळं दुखणं दिसलं. नियम एका जागी शिकवला जातो, काम दुसऱ्या जागी. दोघांची गाठ घालून देणारं कोणी नाही.

याचं एक ठळक उदाहरण पाहू. जुन्या घरात नवा फ्रिज येतो. त्याची पिन तीन पायांची आणि भिंतीत अर्थची वायर आलेलीच नाही. उस्ताद सांगतो, “न्यूट्रलमधूनच अर्थ घे.” सॉकेटच्या आत तारेचा एक तुकडा न्यूट्रलपासून अर्थच्या भोकापर्यंत जोडला जातो. टेस्ट लॅम्प लावून पाहिला तर तो झकास पेटतो. पेटणारच, कारण न्यूट्रल तिकडे रोहित्राजवळ जमिनीला जोडलेलाच असतो. घरमालक खूश, वायरमन खूश.

आता समजा, मीटरपासून घरात येणारा न्यूट्रल कुठे तरी ढिला होऊन सुटला. दिवे जातात, पंखे थांबतात. घरातला माणूस समजतो, वीज गेली. प्रत्यक्षात फेज जिवंतच आहे. चालू राहिलेल्या बल्बातून, पंख्यातून तो न्यूट्रलच्या तारेपर्यंत येऊन थांबला आहे, आणि त्या तारेला फ्रिजचं लोखंडी अंग जोडलेलं आहे. २३० व्होल्ट आता फ्रिजच्या दारावर उभे आहेत. अंधारात पाण्याची बाटली काढायला कोणी हात लावला, की पुढचं सांगायला नको. खांबावर किंवा मीटरजवळ कोणी फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल केली, तर न्यूट्रल तुटायचीही गरज नाही.

‘न्यूट्रल आणि अर्थ घरात कुठेही एकत्र करू नयेत’ हे वाक्य त्या मुलानं पाठ केलेलंच असतं. पण तुटलेल्या न्यूट्रलची ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नसते. ती एकदा कळली, की उस्ताद काहीही म्हणो, त्याचा हात त्या तुकड्याकडे जाणार नाही.

दुसरा नियम घ्या. न्यूट्रलमध्ये एकट्यानं फ्यूज किंवा स्विच टाकायचा नाही. जुन्या वाड्यांत आणि चाळींत अजूनही किटकॅटची जोडी दिसते, एक फेजवर, एक न्यूट्रलवर. न्यूट्रलवरचा फ्यूज आधी उडाला तर घर अंधारात जातं, पण वायर जिवंत राहते. दिवा लागत नाही म्हणजे करंट नाही असं समजून माणूस होल्डरमध्ये बोट घालतो. तीन फेज घेणाऱ्या इमारतीत न्यूट्रल तुटला तर आणखी वेगळं होतं. एका घराचं व्होल्टेज घसरतं आणि दुसऱ्याचं चढत चढत ४०० च्या दिशेनं जातं. एका रात्रीत चार बिऱ्हाडांचे टीव्ही जळाले, असं आपण ऐकतो. त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

तिसरी गोष्ट अर्थिंगची. खड्डा खणायचा, पाइप किंवा प्लेट पुरायची, कोळसा आणि मीठ घालायचं, उन्हाळ्यात पाणी सोडायचं. हे सारं वायरमन पूजेच्या विधीसारखं करतात. कोळसा आणि मीठ कशासाठी, तर त्या जागेची माती ओलसर राहावी आणि विद्युतप्रवाहाला जमिनीत शिरायला वाट सोपी व्हावी यासाठी. पण वाट किती सोपी झाली, हे अर्थ टेस्टर लावून मोजल्याशिवाय कळत नाही. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात किंवा कोकणातल्या जांभ्यात ती सहज सोपी होत नाही. समजा रोध २० ओहम निघाला. गीझरच्या अंगात फेज उतरला, तर या अर्थमधून जाणारा प्रवाह २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. गीझरवर एमसीबी आहे १६ अँपिअरचा. तो पडणारच नाही. अर्थ आहे, एमसीबी आहे, आणि तरीही गीझरचं अंग जिवंत आहे.

इथे ईएलसीबीची, म्हणजे हल्ली आरसीसीबी म्हणतात त्या उपकरणाची गरज कळते. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नव्हे. सहा अँपिअरचा एमसीबी सहाच्या पुढे प्रवाह गेल्याशिवाय हलत नाही. माणसाच्या छातीतून ३० मिलिअँपिअर, म्हणजे त्याचा दोनशेवा हिस्सा, काही वेळ वाहिला तरी जीव धोक्यात येतो. आरसीसीबीचं काम हिशेबनिसासारखं आहे. फेजमधून जेवढं गेलं तेवढं न्यूट्रलमधून परत आलं का, एवढंच तो पाहतो. जमाखर्चात ३० मिलिअँपिअरपर्यंतचा फरक पडला, की दुकान बंद करतो. १९५६ च्या नियमांत पुढे या उपकरणाची तरतूद आली, तेव्हा ५ किलोवॅटच्या आतल्या घरगुती जोडण्यांना त्यातून सूट होती. त्या काळात शिकलेले अनेक जण आजही म्हणतात, लहान घराला ते लागत नाही. सूट नियमानं दिली होती, शरीरानं नव्हे.

आणि न्यूट्रलचा तो तुकडा ज्या घरात आहे, तिथे आरसीसीबी बसवला तर फ्रिजमधली गळती त्याच तुकड्यातून न्यूट्रलला मिळते. हिशेबनिसाला फरक दिसतच नाही आणि तो आंधळा होतो. दुसऱ्या एखाद्या घरात न्यूट्रल भिंतीतल्या खऱ्या अर्थला कुठे तरी चिकटलेला असतो, तिथे तो सारखा पडतो. मग कंटाळलेला मालक म्हणतो, “काढून टाका ते.” वायरमन काढून टाकतो. न समजलेला एक नियम दुसऱ्या नियमाला असा भिंतीबाहेर घालवतो.

आता माझ्या स्वतःच्या प्रांतात येतो, म्हणजे भाषेत. हे सारे विनियम आणि संहिता मुळात इंग्रजीत आहेत आणि त्यांची वाक्यं लांबलचक. इंग्रजी मानकांत ‘शॅल’ असेल तर ती सक्ती असते, ‘शुड’ असेल तर ती शिफारस. मराठी टिपणांत दोन्हींचं भाषांतर ‘करावे’ असं होतं. ‘वायर पाइपमधून न्यावी’ हा हुकूम आहे की सल्ला? आपल्या भाषेत ‘करावे’ दोन्ही अर्थांनी चालतं आणि माणूस स्वाभाविकपणे सोयीचा अर्थ घेतो. ‘केलेच पाहिजे’ आणि ‘केलेले बरे’ असे दोन शब्दप्रयोग पाठ्यपुस्तकांत कटाक्षानं वेगळे ठेवले, तर काही जीव वाचतील, असं मला मनापासून वाटतं.

तशीच गोष्ट परंतुकाची. कायद्याच्या वाक्यात मुख्य नियम आधी येतो आणि ‘परंतु’नं सुरू होणारी सूट मागून येते. ती कोणाला, कोणत्या अटीवर, हे वाचायला शिकवावं लागतं. तक्त्यांखालच्या टिपाही वाचायला शिकवाव्या लागतात. अमुक जाडीची वायर इतका भार घेईल, असं तक्ता सांगतो. पण तो आकडा सभोवतालचं तापमान, बहुधा ४० अंश, धरून काढलेला असतो. चंद्रपूरला किंवा जळगावला मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली तीच वायर, तीही एकाच पाइपात आठ-दहा जणींच्या गर्दीत, तेवढा भार घेणार नाही. टीप न वाचणाऱ्याला तक्ताच फसवतो.

रंगांचंही तसंच. लाल, पिवळा, निळा हे तीन फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ, हे आपल्या वायरमनांच्या पिढ्यांना तोंडपाठ आहे. पण अनेक उपकरणांच्या दोरीत तपकिरी फेज असतो आणि निळा न्यूट्रल. म्हणजे भिंतीतला निळा जिवंत आणि दोरीतला निळा न्यूट्रल. ज्याला फक्त रंग शिकवले तो इथे गोंधळतो. ज्याला आधी तपासून मगच जोडायला शिकवलं, तो गोंधळत नाही.

म्हणून प्रशिक्षण कसं असावं, याचं उत्तर फार अवघड नाही. वर्गात एक बोर्ड मुद्दाम चुकीचा जोडून ठेवावा. मुलांनी त्यातले दोष शोधावेत, प्रत्येक दोषानं कोणाचा जीव कसा जाईल हे स्वतःच्या शब्दांत सांगावं आणि मग पुस्तकात तो नियम हुडकून काढावा. क्रम असा उलटा हवा. आधी धोका, मग कारण, शेवटी कलम. काम संपलं की मेगर लावून ५०० व्होल्टवर इन्सुलेशन तपासावं. ते किमान एक मेगाओहम हवं. आकडा कागदावर लिहावा आणि खाली सही करावी. स्वतःच्या सहीखाली आकडा लिहिणारा हात आपोआप काळजीनं काम करतो.

शिवाय हे एकदाच शिकून भागत नाही. ज्यानं १९९५ साली परवाना घेतला, त्याच्यानंतर दोनदा विनियम आणि दोनदा राष्ट्रीय संहिता बदलली. त्याला कोणी बोलावून सांगितलं? अमेरिकेत विद्युत संहिता दर ३ वर्षांनी नवी होते आणि अनेक राज्यांत परवान्याच्या नूतनीकरणासाठी वायरमनला वर्गात ठरावीक तास बसावंच लागतं. आपल्याकडे आयटीआयच्या रिकाम्या कार्यशाळेत रविवारी असे वर्ग भरवणं अशक्य नाही. गणपतीच्या मांडवाची किंवा दर्ग्याच्या उरुसाची रोषणाई करणाऱ्या मुलांनाही तिथे बोलावता येईल. भर पावसात, चिखलातून, उघड्या सांध्यांना टेप गुंडाळून वायरी नेणारी ही मुलं. त्यांच्याकडे परवाना तर सोडाच, पायात चप्पलही धड नसते.

आणि आपण, ज्यांच्या घरात हे काम होतं? आपण वायरमनकडे परवाना मागू शकतो. काम झाल्यावर “मेगर लावला का, अर्थ मोजला का, आकडा लिहून द्या,” असं म्हणू शकतो. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं लहानसं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का, हे पाहू शकतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, “अर्थची वायर नव्यानं ओढावी लागेल, इतके पैसे होतील,” असं वायरमन म्हणाला, तर “चालवून घ्या हो,” असं म्हणायचं नाही. त्याला कोणी तरी नियमामागचं कारण नीट समजावलं आहे. इतक्या उशिरा का होईना, ते आपल्या दारापर्यंत आलं आहे. ते घासाघीस करून परत पाठवू नये.